एक्क्याण्णव रत्तलांची घंटा

ठाण्यात खोपटला राहणाऱ्या गुरुदत्त टिपणीसांना डोळे होते, नाही असं नाही. पण बघायचं काम ते कानांकडून करून घेत. कलिंगड असो, नारळ असो, गच्चीवरची पाण्याची टाकी असो की बँकेतलं लोखंडी कपाट, मधल्या बोटाचं पेर टकटक वाजवायचं, मान तिरकी करायची आणि निकाल द्यायचा. निकालाचे शब्द दोनच. पास, नाही तर बाद. हेमाबाईंना बघायला गेले तेव्हा त्यांच्या माहेरच्या ओटीवरचा खांब त्यांनी असाच वाजवला आणि भावी सासऱ्यांना सांगितलं, "मुलगी पास, खांब बाद." लग्नाला सहा महिने होतात न होतात तोच तो खांब वाळवीनं पोखरून आडवा झाला. हेमाबाई म्हणतात, खांब नव्हता, फडताळाची फळी होती. असेल. गोष्ट सांगताना फळीचा खांब होतो. तेवढी वाढ लाकडाला सोसते.

ही खोड त्यांना नोकरीनं लावली. वागळे इस्टेटीत गॅसचे लोखंडी बाटले तपासायचं एक केंद्र होतं, तिथे ते बत्तीस वर्षं तपासनीस. ऑक्सिजन, नायट्रोजन, क्लोरीन, कशाकशाचे रिकामे बाटले दर पाच वर्षांनी तिथे यायचे. आत दिवा सोडून बघायचं, काट्यावर चढवायचं, पोटात पाणी भरून दाब द्यायचा, हातोडीनं वाजवायचं. खणखणीत निघाला तर त्याच्या खांद्यावर महिना आणि साल ठोकायचं; नाही निघाला तर करवतीनं दोन तुकडे. मधलं काही नाही.

ठोकायचं काम दगडू भोईरांचं. एकेका अक्षराचा, एकेका आकड्याचा पोलादी पंच लावायचा आणि वर हातोडा घालायचा. सत्तावीस वर्षं त्यांनी हे केलं, आणि अक्षर असं की छापखान्यानं लाजावं. पहिल्याच दिवशी टिपणीसांनी त्यांना सांगून ठेवलं होतं, "दगडू, तारीख चुकली तर मालक ओरडेल. वजन चुकलं तर कुणाचं तरी पोर अनाथ होईल. काट्यावर दिसेल तेच ठोकायचं. बापानं सांगितलं तरी दुसरं ठोकायचं नाही." गंजानं बाटल्याची भिंत किती खाल्ली ते पुढच्या तपासणीत कळायचं ते त्या ठोकलेल्या वजनावरूनच. दगडूंनी मान हलवली आणि तो शब्द जन्मभर पाळला. इतका पाळला, की त्यातूनच पुढची सगळी भानगड उभी राहिली.

दगडू गेले त्याला आता सहा वर्षं झाली. आणि गेल्या चैत्रात, जत्रेला चार दिवस असताना, एक तिशीतला तरुण टिपणीसांच्या दारात उभा राहिला.

"काका, मी विनीत भोईर. खारकोंडीवरून आलोय. रखमाआजीनी पाठवलंय. दगडूआजोबांच्या मिसेस. मी त्यांच्या भावकीतला."

"अरे, ये की आत!" टिपणीस म्हणाले आणि जाता जाता सवयीनं त्याचं हेल्मेट वाजवलं. "हे बाद आहे हं. बदल."

खारकोंडी कल्याण-डोंबिवलीच्या मधलं जुनं गाव. एके काळी भातशेती आणि मिठागरं. आता चहूबाजूंनी तीस-तीस मजली टॉवर, आणि मधोमध गावदेवीचं देऊळ, चिंचेचं झाड आणि पंधरावीस घरं. त्या चिंचेला एक घंटा टांगलेली. घंटा म्हणजे तळ कापलेला लोखंडी बाटला, गळ्यात साखळी घालून लटकवलेला. गावात तिला लढाईची घंटा म्हणतात. दुसरं महायुद्ध चालू असताना कल्याणला लष्कराची छावणी होती, तिथून दगडूंचे वडील हिरू भोईर यांनी ती आणली. जत्रेच्या दिवशी त्या घंटेवर पहिला टोला पडल्याशिवाय देवीची पालखी हलत नाही, आणि तो टोला घंटा आणणाऱ्याच्या घरातल्यानं मारायचा. आधी हिरूंनी मारला, मग दगडूंनी, आता सहा वर्षं रखमाबाई मारतात.

"मग अडलंय काय?" टिपणीसांनी विचारलं.

विनीत जरा चुळबुळला. "शंका मीच काढली, काका. मी एमआयडीसीत केमिकल कंपनीत आहे. परवा घंटेच्या माहितीचा बोर्ड लावायचा म्हणून घंटा घासायला वर चढलो, आणि मला वाटलं, बॉस, हे लोखंड काय ऐंशी वर्षांचं दिसत नाय. असले बाटले आमच्याकडे भंगारात ढिगानं पडलेत. जत्रेच्या मीटिंगमध्ये बोललो. झालं, पेटलं सगळं. आता ठरलंय, घंटा लढाईची नसेल तर कुणाचाच मान नाय, घराघराच्या चिठ्ठ्या टाकायच्या."

"आणि रखमाबाई काय म्हणतात?"

"आजी बोलली, टिपणीस साहेबांना आणा. ते बोलतील ते मी ऐकेन."

हेमाबाई चहा ठेवता ठेवता आतून म्हणाल्या, "अहो, नीट विचार करून जा. तुम्हाला बरं बोलायची सवय नाही."

"मला खरं बोलायची आहे."

"तेच म्हणते मी."

दुसऱ्या दिवशी विनीत त्यांना गाडीतून घेऊन गेला. टिपणीसांनी बरोबर भिंग, छोटी हातोडी, तारेचा ब्रश आणि कोऱ्या कागदांची पाटी घेतली होती. कागदावर केंद्रातल्यासारखे तीन रकाने आखलेले: खुणा, आवाज, वजन. नोकरी सुटून वीस वर्षं झाली होती, पण बाटला म्हटल्यावर सत्त्याहत्तरीतल्या माणसाची पावलं नवरदेवासारखी पडत होती. खोटं पकडण्यापेक्षा खरं काय आहे हे कळायची हौस त्यांना जास्त, आणि लढाईतला बाटला त्यांनी आयुष्यात तीनदाच पाहिला होता.

चिंचेखाली सगळा गाव जमला होता. मध्यभागी खुर्चीवर रखमाबाई, हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण, हातात काठी. पंचाहत्तरीची बाई, पण आवाज अजून पालखीपुढे चालणारा.

"आलाव का साहेब? या. ह्ये सगले शाने झालेत, माझ्या सासऱ्याला खोटा पाडतान. आमचे ह्ये नेहमी बोलायचे, साहेबांचा शब्द म्हंजे ठोकलेला आकडा. बघा तुमी आनि सांगा यांना."

टिपणीसांनी मान वर करून घंटेकडे बघितलं.

"आधी मला सांगा, हिरूभाऊंना ती मिळाली कशी?" त्यांनी विचारलं.

चारजण एकदम बोलायला लागले. छावणीतल्या गोऱ्या साहेबाचं खेचर खाडीच्या चिखलात रुतलं होतं आणि हिरूंनी ते एकट्यानं ओढून काढलं, म्हणून साहेबानं खूश होऊन बाटला बक्षीस दिला. एक म्हातारा म्हणाला, एक खेचर नव्हतं, दोन होती. दुसरा म्हणाला, दोन खेचरं आणि वर साहेब. गोष्ट आणखी पाच मिनिटं चालली असती तर अख्खी पलटणच चिखलातून निघाली असती.

टिपणीस शिडीवर चढले. विनीतनं शिडी धरली. बाटल्याच्या खांद्यावर रंगाचे थर होते, चंदेरी, लाल, हिरवा, पुन्हा चंदेरी. त्यांनी ब्रशनं हलक्या हातानं रंग सोडवला, भिंग लावलं, आणि त्यांची मान आपोआप तिरकी झाली.

"काय दिसतंय, काका?"

"तीन, बेचाळीस. मार्च एकोणीसशे बेचाळीस. आणि तीनचा माथा बघ, गोल नाही, सपाट आहे. असे पंच पुढे कुणी वापरले नाहीत. अक्षराच्या खाचेत तळापर्यंत गंज आहे. आज ठोकलेलं अक्षर नखाला लागतं, त्याला कड असते. ह्याची कड मेलेली आहे." ते थांबले. "आणि हे बघ. बाण."

"कसला बाण?"

"ब्रिटिश सरकारच्या मालावर असा तीन रेघांचा बाण असायचा. एक बाण म्हणजे माल सरकारचा. आणि सरकारनं तो माल रीतसर विकला किंवा देऊन टाकला की समोरून दुसरा बाण ठोकायचे, नाकाला नाक लावून. इथे दोन आहेत. समोरासमोर."

खाली एकच कल्ला झाला. रखमाबाईंनी काठी आपटली. "आयकलाव का रे? सरकारनी दिली! सासऱ्यानी मागून आनली नाय, चोरून आनली नाय, सरकारनी दिली!"

टिपणीसांनी हातोडीनं हलकेच वाजवली. टण्ण, आणि मग लांबलचक गुंजन, टॉवरच्या काचांवरून परत येणारं. ते विरेपर्यंत त्यांनी डोळे मिटून ऐकलं. आवाजात खोट नव्हती. दुसऱ्या रकान्यात त्यांनी लिहिलं, पास.

विनीत मोठ्या मनानं म्हणाला, "सॉरी आजी. माझीच चूक."

"तू माझाच नातू. चुकनार नायतर काय." लोक हसले. कुणीतरी नारळ आणायला पळालं.

इथे थांबले असते तर सगळं सुखाचं झालं असतं. पण कागदावरचा तिसरा रकाना रिकामा होता, आणि रिकाम्या रकान्याखाली टिपणीसांनी जन्मात सही केली नव्हती.

"विनीत, भंगारवाल्याकडे लटकवायचा काटा मिळेल?"

"मिळेल की. पण आता कशाला, काका?"

"असू दे."

काटा आला. घंटेची साखळी सोडवून मध्ये काट्याचा आकडा अडकवला, चौघांनी घंटा उचलून त्यावर टांगली. "एक्केचाळीस पॉइंट तीन," विनीतनं वाचलं.

टिपणीसांनी पुन्हा भिंग लावलं. बाणांच्या खाली इंग्रजी आकड्यांत वजन ठोकलेलं होतं, जुन्या पद्धतीनं रत्तलांत, म्हणजे पौंडांत. एक्क्याण्णव. त्यांनी बोटांवर हिशोब केला. किलोचे दोन रत्तल आणि वर पाचवा हिस्सा. एक्केचाळीस दुणे ब्याऐंशी, वरचं थोडं, आठ हिश्शाचे... नव्वदच्या पुढे. एक्क्याण्णव.

बरोबर. अगदी तंतोतंत बरोबर.

आणि ते बरोबर यायलाच नको होतं.

बाटल्यावर वजन ठोकतात ते कारखान्यातून बाहेर पडताना. तेव्हा बाटला अख्खा असतो, तळ असतो, आणि तळच सगळ्यात जाड. ही घंटा तळ कापून केलेली. म्हणजे ठोकलेलं वजन आजच्या वजनापेक्षा दहावीस किलोनं जास्त असायला हवं होतं. मार्च बेचाळीसमध्ये कोणता कारखाना तळ नसलेला बाटला विकायला काढेल? ही अक्षरं ठोकली तेव्हा घंटा आधीच कापलेली होती. ठोकणाऱ्यानं साल खोटं ठोकलं, बाण खोटे ठोकले, जुने पंच शोधले, मिठाच्या पाण्यानं गंज चढवला. आणि वजनापाशी आल्यावर मात्र त्याचा हात अडला. तो उठला, घंटा काट्यावर टांगली, आणि काट्यावर दिसलं तेच ठोकलं.

असा माणूस टिपणीसांना एकच ठाऊक होता. त्यालाच त्यांनी तसं शिकवलं होतं. आणि आता आठवलं, एकदा दुपारच्या डब्याच्या वेळी त्या माणसानं भाकरी मोडता मोडता विचारलं होतं, "साहेब, एका किलोचे रत्तल किती वो?" टिपणीसांनीच सांगितलं होतं, दोन आणि पाचवा हिस्सा.

"काय काका, पास ना?" विनीतनं खालून विचारलं.

"निकाल जत्रेच्या सकाळी," टिपणीस शिडीवरून उतरत म्हणाले. "रखमाबाई, मला चहा पाजा तुमच्याकडे. एकट्याला."

रखमाबाईंचं घर देवळामागेच. पुढे सारवलेलं अंगण, अंगणात तुळस. टिपणीस ओट्यावर बसले. चहा आला, त्याबरोबर तांदळाच्या पिठाची तळलेली बोरं आली. बोरं खाताना त्यांनी मुद्दाम वाजवली नाहीत.

"वहिनी, ती घंटा मध्ये कधी खाली काढली होती का?"

"काढलीती ना. एकदाच." रखमाबाई पदरानं वारा घेत म्हणाल्या. "शहाऐंशी साल. माझा धाकटा झाला त्या वर्साची जत्रा. ह्ये खुशीत व्हते, असा टोला हानला, असा हानला, का घंटाच बसली. आवाजच जाई ना. भद्द, भद्द. मंग ह्ये बोलले, गंज धरलाय, कामावर नेऊन साफ करून आनतो. पंधरा दिवस नेलीती. आनली त काय आवाज! लोक बोलले, देवीनी गला दिला."

"पंधरा दिवस."

"हां. पन एक सांगू? त्या सालापासून ह्ये टोला हलूच मारायचे. खाली बघून. लोक बोलायचे, दगडू नरम पडला."

टिपणीसांना चहा कडू लागला. आता सांगायचं कसं याचा विचार करत ते उठले, अंगणात दोन फेऱ्या मारल्या, आणि विचारात असताना हाताला जे लागेल ते वाजवायची खोड असल्यामुळे तुळशीचं वृंदावन वाजवलं.

भद्द.

त्यांची मान तिरकी झाली. मातीची कुंडी असा आवाज देत नाही. सिमेंटचं वृंदावनही देत नाही. असा आवाज एकच वस्तू देते, आणि तो त्यांनी बत्तीस वर्षं ऐकला होता: तडा गेलेलं पोलाद.

"वहिनी, हे वृंदावन कुणी केलं?"

"ह्यांनीच. त्याच साली. बोलले, तुला पोरगा झाला, तुलस लावून देतो. सगल्यांची चौकोनी, आपलीच गोल. मना आवडली."

चारएक फूट उंच, लांबट गोल वृंदावन, गेरूनं रंगवलेलं, वर पांढऱ्या रांगोळीची नक्षी. खाली सिमेंटच्या चौथऱ्यात रोवलेलं. टिपणीस जरा मागे सरून बघत राहिले. तळ वर आणि गळा खाली केलेला बाटला. गळा चौथऱ्यात गेला, खांदा चौथऱ्याच्या वर इंचभर उरला. म्हणजे खुणा असतील तर तिथे, जमिनीलगत, आणि उलट्या.

"वहिनी, माफ करा," असं म्हणून सत्त्याहत्तर वर्षांचे गुरुदत्त टिपणीस, इस्त्रीच्या शर्टानिशी, सारवलेल्या अंगणात पालथे झोपले.

"अगं बाई! साहेब, चक्कर आली का?"

"नाही. ब्रश द्या तो."

चाळीस दिवाळ्यांचे गेरूचे थर सुटायला अर्धा तास लागला. मग भिंग लावून, मान उलटी करून त्यांनी वाचलं. तीन, बेचाळीस. सपाट माथ्याचा तीन. वजन एकशे चौतीस रत्तल. तळ असतानाचं, जसं असायला हवं तसं. एका बाजूला केसाएवढा तडा, वरपर्यंत गेलेला. ही खरी. दगडूंना ती फेकवली नाही, वितळवायला देववली नाही, म्हणून त्यांनी तिच्यात तुळस लावली होती. रखमाबाई चाळीस वर्षं तिला पाणी घालत होत्या.

आनंदानं ते ओरडणारच होते. पण वजनाच्या वर बाण दिसला. एक.

त्यांनी थुंकी लावून पुसलं, बोटाच्या पेरानं चाचपलं, पुन्हा भिंग लावलं. एकच. समोरचा दुसरा बाण नव्हता, कधी नव्हताच. माल सरकारचा, विकलेला नाही, दिलेला नाही. खेचराच्या बदल्यात तर नाहीच नाही.

आता त्यांना दगडूंचं सगळं काम उलगडलं. बापाची घंटा आपल्या हातानं फुटली, म्हणून दगडूंनी दुसरी केली. आणि करताना, जाता जाता, बापाच्या चोरीवरही हातोडा घातला. जो दुसरा बाण सरकारनं ठोकला नव्हता तो मुलानं ठोकला.

टिपणीस उठून बसले. गुडघ्यांना शेण, नाकाला गेरू. आणि त्यांनी रखमाबाईंना सगळं सांगितलं. एक्क्याण्णव रत्तल, पंधरा दिवस, एक बाण, दोन बाण. मधलं काही न गाळता, कारण गाळून सांगायचं त्यांना येत नव्हतं.

रखमाबाईंनी पुढे होऊन तुळशीची दोन वाळकी पानं खुडली.

"आनि तुमी ह्ये सगल्यांसमोर बोलनार."

"अर्धं बोलता येत नाही मला, वहिनी. तुम्ही म्हणाल तर मी काहीच बोलणार नाही. कागद फाडतो आणि ठाण्याला जातो. चिठ्ठ्या टाकतील."

"आनि बोललाव त सासरा चोर."

"हो."

रखमाबाईंनी पाठ फिरवली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. टिपणीसांना वाटलं, रडतायत. जवळ जाऊन बघतात तो बाई हसत होत्या.

"माझी सासू," त्या पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "सासऱ्यानी खेचराची गोष्ट काढली का चुलीपुढं तोंड फिरवून हसायची. मी नवी सून, मना वाटायचं, धुरानं डोले पुसते." मग हसू थांबलं. "ह्यांनी मना पन सांगितला नाय. चौतीस वर्सं टोला हलूच मारला, त्याच्यापरी मना सांगायचं व्हतं. मी काय गावाला सांगितला असता?"

"लगेच सांगितलं असतंत."

"सांगितला असता," रखमाबाईंनी मान्य केलं.

जत्रेच्या सकाळी चिंचेखाली उभं राहायला जागा नव्हती. ताशे गप्प, पालखी खांद्यांवर, आणि टिपणीस हातात कागद घेऊन उभे. हेमाबाईही या वेळी बरोबर आल्या होत्या. नवरा मार खाणार असेल तर बघायला आपण हवं, असं त्यांचं म्हणणं.

टिपणीस बोलायला लागले आणि पाच मिनिटांत सगळं सांगून मोकळे झाले. झाडावरची घंटा लढाईची नाही, दगडूंनी केलेली. लढाईची घंटा तुळशीखाली. आणि ती कुणी बक्षीस दिलेली नाही.

विनीतच्या तोंडून निसटलं, "म्हणजे ढापली?"

"कागदपत्र नाही म्हण," टिपणीस म्हणाले.

रखमाबाई काठी टेकत पुढे आल्या. "हां, ढापली. आता माझा आयका. देवीची रीत काय? आनली त्याच्या घराचा मान. कशी आनली, ह्ये देवीनी कवा इचारला का? सासऱ्यानी एक आनली. नवऱ्यानी त्याच्या कामावरून दुसरी आनली. तुमच्या कोनाच्या घरानी एक तरी आनली का? पातेला तरी आनला का देवलात?"

"पण वहिनी, मग खेचराचं काय?" मागून एका म्हाताऱ्यानं काकुळतीनं विचारलं. ऐंशी वर्षांची गोष्ट अशी हातची जाताना त्याला बघवेना.

"खेचर खराच व्हता," रखमाबाई म्हणाल्या. "साठ किलो लोखंड छावनीतून इथवर पाठीवर कोन आनतो? खेचरावरच घातला असंल!"

पहिल्यांदा हेमाबाई हसल्या. मग पालखीचे भोई हसले, पालखी हलली, आणि मग सगळी खारकोंडी अशी हसली की पुजारी देवीला सावरायला धावला. विनीतनं खिशातल्या चिठ्ठ्या काढून फाडल्या. "कॅन्सल," तो म्हणाला. "आजी, मार टोला. पण तो सरकारचा माल... कुणी मागायला आलं तर?"

"येऊ दे. देईन. पन तुलस काढून नाय देनार. घेऊन जा बोलेन, रोज पानी घाल."

रखमाबाईंनी हातोडा घेतला. मग थांबल्या, आणि टिपणीसांकडे वळल्या. "साहेब, त्या कागदावर ह्यांच्या घंटेचं काय लिवलंय? वाचा ना."

टिपणीसांनी चष्मा सारखा केला. "खुणा, खोट्या. आवाज, पास. वजन, बरोबर."

"शेवटचा परत वाचा."

"वजन बरोबर."

रखमाबाईंनी मान हलवली, पदर खोचला, आणि हातोडा खांद्यामागे नेला. हलूच नाही मारला. मान वर करून मारला.

त्या टोल्याचा आवाज थेट ठाण्यात माजिवड्यापर्यंत गेला, असं खारकोंडीचे लोक शपथेवर सांगतात. माजिवड्याचे लोक म्हणतात, आम्हाला काही ऐकू आलं नाही. पण तिथे मेट्रोच्या कामाचा एवढा गोंगाट; त्यांना काय कळणार.